ईस्टर ते पाऊस

मुंबई, साष्टी आणि वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचा इतिहास बहुतेकदा राजवटी आणि चर्चच्या इमारती यांच्या आधाराने सांगितला जातो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या हाती आली, आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाच्या एका मोठ्या भागाने स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. या सनावळीत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. १७३९ नंतर साष्टी-वसईतून युरोपीय धर्मगुरू निघून गेले, कित्येक चर्चे ओस पडली आणि गोव्याहून आलेल्या मोजक्या पाद्रींवर सारा प्रदेश सोपवला गेला. तरीही हा समाज विखुरला नाही, आपली बोली आणि आपला धर्म दोन्ही धरून राहिला. तो कोणाच्या बळावर? त्या पाद्रींचे श्रेय मोठेच आहे. त्यांच्याविना बाप्तिस्मा आणि मिस्सा झाली नसती. पण पाद्री रविवारी भेटे, उरलेले सहा दिवस घर सांभाळी. त्या घराचे काम समजून घ्यायचे तर उन्हाळ्यातली आई पाहावी लागते.

तिचा उन्हाळा दोन बाजूंनी बांधलेला असे. उपवासकाळाचे चाळीस दिवस संपून ईस्टर होईपर्यंत लग्ने लागत नसत, आणि पाऊस सुरू झाला की मांडव, वाळवण, मासेमारी सगळेच थांबे. ईस्टर लवकरात लवकर २२ मार्चला येतो, उशिरात उशिरा २५ एप्रिलला. पाऊस १० जूनच्या सुमारास धरला, तर एखाद्या वर्षी हातात ऐंशी दिवस राहतात आणि एखाद्या वर्षी जेमतेम सेहेचाळीस. एवढ्या अवधीत लग्नघरचे तांदूळ निवडायचे, फुगे तळायचे, बायकांचा मेळा जमवून लग्नविधीसाठी उंबराचे पाणी आणायचे. उत्तनपासून पाचूबंदरापर्यंतच्या कोळीवाड्यांत बोंबील वलांडीवर चढवायचे, जवळा वाळवायचा. मिरच्या उन्हात घालायच्या, धणे, हळद, तीळ, खसखस आणि इतर कितीतरी जिन्नस वेगवेगळे भाजायचे, उखळात कुटायचे आणि तो मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणजे उजेड लागून त्याचा रंग उतरत नाही. ‘बॉटल मसाला’ हे नाव त्या बाटल्यांवरूनच पडले. प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे, आणि ते कागदावर क्वचितच असे. सासूकडून सुनेला आणि आईकडून लेकीला ते हाताने कळे.

यावर कोणी म्हणेल की यात कॅथलिक असे काय आहे? शेजारची आगरी आणि कोळी हिंदू बाईही मे महिन्यात मिरच्याच वाळवते. आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्या मते तोच या इतिहासाचा गाभा आहे. हे लोक धर्म बदलूनही मातीतून उपटले गेले नाहीत, कारण घराचे कामकाज शेजाऱ्यांच्याच ऋतूवर चाले. त्याच घरात, त्याच महिन्यात, संध्याकाळी मारियामातेच्या नावाने रोझरीची माळ होई. गावठाणांच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत. वांद्र्याकडचे कित्येक १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगच्या दिवसांत रोगापासून रक्षणासाठी उभारले गेले. ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण. १९६० मध्ये रोमने तो सार्वत्रिक पंचांगातून काढला, पण गावठाणांतल्या मे महिन्याच्या क्रूसप्रार्थना आणि नंतर वाटायचे उकडलेले चणे बंद झाले नाहीत. पंचांगातून गळलेला दिवस ज्या प्रार्थनांनी धरून ठेवला, त्यांची मुळे कार्यालयात नसून चुलीजवळ होती, असे मला ठामपणे वाटते. क्रूसाला हार करणे, चणे भिजत घालणे, पोरे गोळा करणे ही कामे कोणत्याही धर्मग्रामाच्या नोंदवहीत येत नाहीत.

पोरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ ची. त्या काळापासून मिशनऱ्यांच्या शाळा वाढत गेल्या आणि मुले वर्षाचा मोठा भाग सकाळपासून घराबाहेर राहू लागली, पुढे इंग्रजीतही शिकू लागली. घरची बोली, घरचा मसाला, माळेची प्रार्थना हे सगळे दिवसाउजेडी आईच्या शेजारी बसून शिकण्याचा सलग काळ मग मे महिन्याच्या सुट्टीपुरता उरला. अर्थात याचे गोडवे गाणाऱ्यांनी उखळ उचलून पाहावे. भर उन्हातली ती कष्टाची कामे बाईच्याच वाट्याची मानली जात; ज्यांना परवडे त्या घरांत कुटायला मजुरीवर बायका येत, आणि त्यांच्या श्रमाची आठवण तर कुणीच ठेवली नाही. गिरणीने उखळ सोडवले हे चांगलेच झाले. पण कष्ट कमी होणे आणि शिकवण्याची वेळ जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आज नोकरी करणाऱ्या आईची रजा मोजकी असते आणि मुलांची सुट्टी लांब; मसाला विकत मिळतो, पण क्रूसापुढे कोणते गाणे आधी म्हणायचे ते सांगणारी व्यक्ती संध्याकाळी सात वाजता अजून लोकलमध्येच असते. या समाजाने आपली चर्चे जपली, वंशावळीही लिहिल्या. आज घराघरांतल्या साठी-सत्तरीच्या बायकांकडे जे आहे, ते त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवण्याचे काम मात्र अजून फारच थोडे झाले आहे.