आजेसासऱ्यांचा घडीचा कॅमेरा आणि मोहरी



आमच्या देवघरात बाहुबलींचा एक काळा-पांढरा फोटो आहे. १९५३ च्या महामस्तकाभिषेकाला माझे आजेसासरे श्रवणबेळगोळला गेले होते, तेव्हा त्यांनी स्वतः काढलेला. कॅमेरा आग्फा इझोलेट, म्युनिकच्या कारखान्यातला. बटण दाबलं की पुढचं झाकण उघडतं आणि बाजाच्या पेटीसारखा काळा भाता लेन्स घेऊन पुढे येतो. मिटला की कोटाच्या खिशात मावतो. त्याची केस चामड्याची, म्हणून ती त्यांनी खालीच ठेवली आणि कॅमेरा उपरण्यात गुंडाळून विंध्यगिरीवर नेला. ही गोष्ट सासूबाई आजही कौतुकाने सांगतात.

दिवाळीच्या आवराआवरीत तो कॅमेरा माळ्यावर सापडला. लेक म्हणाली, याच कॅमेऱ्याने आजीचा फोटो काढू या. तिथून मी या नादाला लागले.

इझोलेटची दोन दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत. एक म्हणजे लेन्स फिरवायच्या जागी लावलेलं हिरवं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट होतं. ते कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या काकांनी सोडवून दिलं. दुसरं दुखणं भात्याचं. अंधाऱ्या खोलीत मागचं झाकण उघडून आत टॉर्च लावला, तर भात्याच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसल्या! जुन्या झाइसच्या कॅमेऱ्यांचे चामड्याचे भाते अजून शाबूत असतात. आग्फाने मात्र कृत्रिम कातड्यासारखं काहीतरी वापरलं आणि तेच घड्यांवर झिजलं. आपल्याला बिनचामड्याचा बरा, असं म्हणत मी कोपऱ्यांना काळ्या फॅब्रिक रंगाचे पातळ हात दिले. शटरमध्ये तेल मात्र कधी घालू नका, पाती चिकटून बसतात. आणि झाकण झटक्याने उघडू नका. भाता एकदम हवा ओढतो, त्याबरोबर आतली फिल्मही पुढे खेचली जाते.

फिल्मशी पोचले आणि अडकले.

फोटोचा इतिहास वाचताना कळलं, की असा खिशातला कॅमेरा निघायला आधी जिलेटिन यावं लागलं. १८५१ पासून काचेवर जो ओला थर देत, तो कलोडियनचा, म्हणजे मुळात कापसापासून केलेला. पण तो ओला असेतोवरच फोटो काढून तिथल्या तिथे धुवावा लागे. प्रवासात तंबू, बाटल्या, काचा, सगळा संसार बरोबर. शिवाय त्यातल्या ईथरचा वास बाधायचा. रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरला त्याचा त्रास झाला, म्हणून त्याने दुसरा पदार्थ शोधला आणि १८७१ मध्ये जिलेटिनचा थर सुचवला. हा थर कोरडा असतो. महिनोन्महिने ठेवता येतो, पाण्यात फुगून औषध आत घेतो आणि पुन्हा वाळतो. मग काच जाऊन गुंडाळीची फिल्म आली आणि १८९० च्या दशकाच्या शेवटी कोडॅकचे खिशात मावणारे घडीचे कॅमेरे. १९१२ च्या व्हेस्ट पॉकेट कोडॅकने तर पहिलं महायुद्ध पाहिलं. तसाच एक कॅमेरा १९२४ मध्ये सॉमरव्हेलने एव्हरेस्टवर मॅलरीला दिला होता. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, कॅमेरा अजून नाही. तो मिळालाच, तर बर्फात राहिलेल्या जिलेटिनवर चित्र टिकलं असेल अशी अनेकांची आशा आहे.

जिलेटिन आपण जेली आणि औषधांच्या कॅप्सूलमुळे ओळखतो. गुरांची हाडं आणि कातडी उकळून ते करतात. फिल्मवर चांदीचे क्षार धरून ठेवतं ते हेच.

आता मोहरीची गोष्ट. कोडॅकमध्ये कोडं पडलं होतं, की एका जिलेटिनची फिल्म झटकन प्रकाश पकडते आणि दुसऱ्याची मंद का राहते? १९२५ मध्ये सॅम्युएल शेपर्ड या त्यांच्या रसायनतज्ज्ञाने उत्तर काढलं. गुरांनी मोहरीच्या जातीची झाडं खाल्ली असली, की त्यातल्या गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो आणि फिल्म तल्लख होते. मी रोज फोडणीला टाकते ती मोहरी! तो अंश सापडल्यावर तो मोजून घालता यायला लागला. जिलेटिन मात्र गेलं नाही. उलट १९३० मध्ये कोडॅकने अमेरिकेतली एक गोंद करणारी कंपनी घेऊन जिलेटिन स्वतःच करायला सुरुवात केली. आजची फिल्मही जिलेटिनचीच.

इझोलेटला लागणारा रोल अजून मिळतो, एका रोलमध्ये बारा फोटो. पण किराणा घेताना पुडक्यामागची बारीक अक्षरं वाचणारी मी, रोल कसा मागवू? आणि देवघरातल्या फोटोचं काय? तो कागदही जिलेटिनचाच. दोन दिवस मला त्या फोटोकडे बघवेना. शेवटी सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या फोटो उतरवायला सांगतील.

त्या निवडत होत्या ते तांदूळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "मामंजींना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक आहे. तो राहू दे तिथंच, नवा मात्र विचार करून आण."

माझ्या एका जावेचं म्हणणं, औषधाची कॅप्सूल नाइलाजाने घेतोच ना आपण. पण फोटो नाइलाज नाही. फोनवर आजीचे शेकडो फोटो आहेत. लेकीला हे पटतं, तरी तिचा चेहरा उतरतो, आणि तो उतरलेला मला बघवत नाही.

रोल अजून मागवलेला नाही. कॅमेरा त्या चामडी केसमध्ये न ठेवता स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलाय. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते ना. महिन्यातून एकदा लेक तो हळूच उघडते, भाता मोकळा करते, रिकामाच आजीकडे रोखते. आणि सासूबाई दर वेळी पदर सावरून नीट बसतात.