लष्करी ट्रक-तुकड्यांतील नायक-हवालदारांचे नेतृत्व-प्रशिक्षण

रसद, दारूगोळा, इंधन आणि जवान यांची ट्रकांतून ने-आण करणाऱ्या सैनिकी तुकड्यांत लान्स नायक, नायक व हवालदार या हुद्द्यांवरच्या जवानांना माणसे आणि वाहने दोन्ही सांभाळता यावीत म्हणून दिले जाणारे शिक्षण. भारतीय सैन्यात ही वाहतूक मुख्यतः आर्मी सर्व्हिस कोअर (एएससी) पाहते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १७६० साली उभ्या राहिलेल्या रसद-व्यवस्थेपासून ही शाखा आपला इतिहास मोजते आणि ८ डिसेंबर हा स्थापनादिन पाळते. १९२३ साली तिला इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर हे नाव मिळाले. १९३५ साली नावाआधी ‘रॉयल’ लागले आणि प्रजासत्ताक होताच, १९५० साली, ते गळाले. ‘सेवा अस्माकं धर्मः’ हे तिचे ब्रीद. खेचरे आणि उंट ओढत होते तो भार हळूहळू मोटारींवर आला. स्वतंत्र भारतात जबलपूरमध्ये १९५९ पासून तयार होऊ लागलेला शक्तिमान ट्रक आणि त्याच्यानंतर आलेला स्टॅलियन यांवर चालकांच्या पिढ्या तयार झाल्या.

पायदळातल्या नायकाची माणसे त्याच्या हाकेच्या टप्प्यात असतात. माणगाव तालुक्यातले नायक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत, आपल्या सेक्शनमधले जवळजवळ सगळे जवान पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. त्यासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या प्रकारचे नेतृत्व डोळ्यांना दिसते. ट्रक-तुकडीतल्या हवालदाराचे दिसत नाही, कारण त्याची माणसे दीड-दोन किलोमीटर रस्त्यावर पसरलेली असतात आणि प्रत्येक जण आपापल्या केबिनमध्ये एकटा किंवा को-ड्रायव्हरसोबत असतो. कोणाला डुलकी लागते आहे, कोणाचा ब्रेक तापला आहे, हे पुढच्या गाडीत बसलेल्याला कळत नाही. म्हणून या हवालदाराचे बरेचसे नेतृत्व गाडी सुरू होण्याआधी आणि थांब्यावर घडते. हे प्रशिक्षण नायक-हवालदारांच्या (एनसीओंच्या) सामान्य प्रशिक्षणापेक्षा वेगळे पडते ते याच कारणाने. शस्त्र आणि कवायत यांच्या तुलनेत या बाजूकडे बाहेरच्यांचे लक्ष फार कमी जाते, हे खेदाचे आहे.

शिक्षणाचा पहिला टप्पा तुकडीतच होतो. बढतीच्या आधी जवानाला कॅडर करावे लागते : कवायत, हत्यारांचे शिक्षण, नकाशावाचन आणि बरोबरीच्या माणसांसमोर उभे राहून धडा घेणे. कालपर्यंत ज्याच्याबरोबर एकाच ताटात जेवलो त्याला आज हुकूम द्यायचा, ही यातली खरी कसोटी असते आणि ती लेखी परीक्षेत मोजता येत नाही. वाहतुकीतले तांत्रिक व व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम बंगळूरच्या एएससी सेंटर अँड कॉलेजमध्ये चालतात. नेतृत्वासाठी स्वतंत्र संस्थाही आहेत. बेळगावची ज्युनियर लीडर्स विंग ही महूच्या इन्फंट्री स्कूलची शाखा मुख्यतः पायदळाच्या नायक-हवालदारांना घडवते, तर बरेलीच्या ज्युनियर लीडर्स अकादमीत वेगवेगळ्या शाखांचे लोक येतात.

ताफा चालवण्याचे गणित समजायला डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ८) चांगला उपयोगी पडतो. समजा, तीस ट्रकांचा ताफा मनोरकडून तलासरीमार्गे गुजरातच्या हद्दीकडे निघाला आहे. दोन गाड्यांत ५५ मीटर अंतर, वेग ताशी ४० किलोमीटर आणि गाडीची लांबी साडेसात मीटर धरली, तर ताफा सुमारे १,८०० मीटर लांब होतो आणि एका ठिकाणावरून पूर्ण जायला त्याला पावणेतीन मिनिटे लागतात. चारोटी नाक्यावर एवढा वेळ बाजूची वाहने थांबतील अशी अपेक्षा धरता येत नाही. खासगी ट्रक आणि मोटारी मधल्या जागेत शिरतात, ताफ्याचे तुकडे पडतात आणि मागच्याला पुढचा दिसेनासा होतो. चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा त्या ठिकाणी तीन मार्गिका पुलाशी येऊन दोन होत होत्या. अशा चिंचोळ्या जागी पुढची गाडी वेग निम्म्यावर आणते आणि मागची अंतरे आक्रसतात. पूल ओलांडताच पुढच्याने वेग वाढवला, तर शेपटाकडच्या चालकांना ती फट भरून काढण्यासाठी मर्यादेपलीकडे गाडी पळवावी लागते, आणि अपघाताची शक्यता इथेच सर्वांत जास्त. उपाय साधा आहे : शेवटची गाडी पुलाबाहेर येईपर्यंत, म्हणजे वरच्या हिशोबाने साधारण तीन मिनिटे, पुढच्या गाडीने वेग वाढवायचा नाही. हे तीन मिनिटांचे सबुरीचे शिक्षण हवालदाराला आधी कागदावर, मग मोकळ्या रस्त्यावर आणि शेवटी रहदारीत द्यावे लागते. ताफा तुटला तर पुन्हा कुठे जुळायचे, कोणत्या वळणावर मार्गदर्शक उभा करायचा आणि बंद पडलेली गाडी ओढणारे वाहन शेपटाला का ठेवायचे, हे सगळे निघण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये प्रत्येक चालकाच्या तोंडून वदवून घ्यायचे असते. हवालदाराने सांगितले आणि चालकांनी माना हलवल्या, एवढ्याने काम होत नाही.

गाडीची तपासणीही नेतृत्वाचाच भाग आहे. निघण्यापूर्वी फर्स्ट परेड, थांब्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड असा क्रम ठरलेला असतो : तेल, पाणी, टायरमधली हवा, चाकाचे नट, दिवे, ब्रेक. चाकाच्या नटांवर हाताने पाना फिरवून पाहणारा हवालदार आणि फक्त नोंदवहीत खूण करणारा हवालदार यांच्यातला फरक तुकडीला आठवडाभरात कळतो. मोठी दुरुस्ती मात्र ईएमई या शाखेकडे जाते. ती १९४३ साली उभी राहिली.

डोंगराळ सीमेवर या शिक्षणाचा कस लागतो. झोजी ला सुमारे ११,५०० फुटांवर आहे आणि लेह शहरही जवळपास तेवढ्याच उंचीवर. हिवाळ्यात रस्ते बंद होण्यापूर्वी लडाखमधल्या ठाण्यांना महिनोन्‌महिने पुरेल एवढी रसद पोहोचवावी लागते. ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात शरीर जुळवून घ्यायला सैन्यात सहा दिवस दिले जातात, आणि त्याहून वर चढताना पुन्हा चार-चार दिवस. डोके दुखते हे चालक सहसा स्वतःहून सांगत नाही. ते त्याच्या चालण्या-बोलण्यातून ओळखायचे असते. डिझेल गोठण्याचा प्रश्नही तितकाच जुना. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये आणले. त्याआधी डिझेलमध्ये रॉकेल मिसळले जाई.

ताफ्याची शिस्त राखण्याचे आणि ती सुटण्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकी सैन्याच्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’चे. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये दोस्त फौजांच्या मागे ट्रकांची अखंड रीघ धावत होती. ऐन भरात जवळजवळ ६,००० वाहने दिवसाला १२,००० टनांहून अधिक माल नेत होती. चालकांपैकी तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते, आणि त्या सैन्यात तेव्हा वर्णानुसार वेगळ्या तुकड्या असत. नियम होता साठ यार्ड अंतराचा आणि ताशी २५ मैलांचा. वरच्या हिशोबातले आकडे जवळपास तेच आहेत. पण निकड वाढत गेली तसा नियम सुटत गेला. झोप न झालेले चालक रस्त्याबाहेर गेले, आणि जादा भाराने टायर आणि इंजिने निकामी झाली. विश्रांतीचा तास राखणे हे हवालदाराचे कर्तव्य आहे, वरून कितीही घाई असली तरी, हे पटवायला दुसरा दाखला लागू नये.

भारतात २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली भरती होणारे जवान चार वर्षांसाठी येतात आणि त्यांतले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. घाटात ट्रक चालवण्याचा हात तयार होण्यात त्या चार वर्षांतला बराच काळ जातो. तेव्हा नवख्या चालकाशेजारी बसून त्याला शिकवणे हा नायकाच्या कामाचा पूर्वीपेक्षा मोठा भाग होणार, आणि त्यासाठी कॅडरमध्ये शिकवण्याच्या पद्धतीला जास्त तास द्यावे लागतील.