नाण्यावरच्या नगरीची कुळकथा

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी भिवंडीच्या मंडईजवळच्या एका सराफी पेढीवर, आजीच्या डब्यातला एक काळवंडलेला रुपया मुठीत धरून मी गर्दीत उभा होतो. माझ्या पुढचे गृहस्थ यंत्रमागांचे कारखानदार असावेत; त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावर कापसाचे तंतू तसेच होते. त्यांनी अयोध्येच्या मंदिराचे चित्र कोरलेले, प्लास्टिकच्या पाकिटात मोहोरबंद केलेले दहा ग्रॅमचे चांदीचे नाणे घेतले, आणि मंदिराकडे नव्हे तर पाकिटावर छापलेल्या ९९९ या आकड्याकडे दोनदा निरखून पाहिले. मग माझा रुपया काट्यावर गेला. सराफाने तो बोटांत फिरवला, काठावरची पूर्वीच्या कुणा पारख्याने पाडलेली खाच नखाने चाचपली आणि म्हणाला, ‘‘काका, अक्षरं अर्धीच उमटलीत, गावाचं नाव काठाबाहेर गेलंय. मी चांदीच्या भावानं धरीन.’’ गाव काठाबाहेर गेले म्हणून किंमत चांदीवर आली, या एका वाक्यात नाण्यावरील नगरनामाची सारी कुळकथा आहे असे मला त्या वेळी वाटले, आणि अजूनही वाटते.

आपल्याकडची सर्वांत जुनी आहत नाणी अक्षरहीन. त्यांवर सूर्य, वृक्ष, टेकडी अशा ठशांची गर्दी असते, पण गावाचे नाव नसते. पुढे इसवी सनापूर्वीच्या दोन-तीन शतकांत उज्जयिनी, त्रिपुरी, एरण अशा नगरींनी आपापली नावे ब्राह्मी अक्षरांत नाण्यांवर घातली, आणि राजाचे नाव नसलेल्या त्या तांब्याच्या तुकड्यांवर नगरी स्वतःच धनी म्हणून उभी राहिली. अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे असे जे चिन्ह माळव्याच्या नाण्यांवर पुनःपुन्हा येते, त्याला विद्वानांनी ‘उज्जैन चिन्ह’ असेच नाव दिले आहे, आणि ते सातवाहनांनीही उचलले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ उकरला, तेव्हा स्तूपाच्या पोटातील दगडी पेटीत, सोन्याच्या फुलांच्या आणि बुद्धमूर्तींच्या सान्निध्यात, यज्ञश्री सातकर्णीचे एक लहानसे, जवळजवळ न झिजलेले चांदीचे नाणे निघाले. राजाचे मुख एका अंगास आणि ते चिन्ह दुसऱ्या अंगास, अशी त्या जातीच्या नाण्याची घडण. शूर्पारक, म्हणजेच सोपारा, आणि कल्याण ही बंदरे आमच्या भिवंडीच्या दोन बाजूंना. तेव्हा माळव्याच्या नगरीची खूण या खाड्यांच्या मुलखाला अठराशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

केवळ गौरवासाठी नगरीला नाण्यावर बसविण्याचे ठळक उदाहरण मात्र परदेशचे आहे: इसवी सन ३३० मध्ये कॉन्स्टन्टाइन बादशहाने नव्या राजधानीच्या प्रतिष्ठापनेच्या सुमारास रोम आणि कॉन्स्टॅन्टिनोपल या दोन्ही नगरींच्या नावाची नाणी पाडली, एकीच्या नाण्यावर जुळ्यांना पाजणारी लांडगीण, दुसरीच्या नाण्यावर नौकेच्या नाळेवर उभी विजयदेवता.

हिंदुस्थानात नगरनामाला खरी जरब आली ती ‘जर्ब’ या शब्दाने. जर्ब म्हणजे घाव, ठसा. आणि ‘जर्ब अमुक’ म्हणजे अमुक गावी पाडलेले. मोगली अमदानीत या नावाला उपाध्या जोडल्या गेल्या, आणि ‘दारुस्सुरूर बुऱ्हाणपूर’, ‘बंदर-इ-मुबारक सुरत’, ‘खुजिस्ता बुनियाद औरंगाबाद’ असे आनंदाचे, मांगल्याचे, शुभ पायाचे शब्द व्यापाऱ्याच्या कसणीत खुळखुळू लागले. परंतु या बिरुदांवर भाळून रुपया घेणारा सराफ मला तरी कोठे भेटलेला नाही. त्याला गाव हवे असे ते निराळ्याच कारणासाठी: टांकसाळ बदलली की कस बदले, कस बदलला की बट्टा बदले, आणि बट्ट्याचा हिशेब चुकला की पेढी बुडे. म्हणूनच कंपनी सरकारने मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या रुपयावरही कित्येक वर्षे सुरतेचेच नाव ठेवले. बाजाराचा विश्वास सुरतेवर होता, मुंबईवर नव्हता. पुण्याची गोष्ट तर याहून विलक्षण. औरंगजेबाने १७०३ च्या सुमारास आपल्या नातवाच्या स्मृत्यर्थ पुण्याला मुहियाबाद हे नाव दिले, ते लोकांनी तोंडी कधी घेतले नाही. पण पेशव्यांच्या पुण्यात पडलेल्या रुपयांवर फारसी अक्षरांत तेच मुहियाबाद कायम राहिले. फारसी न वाचणाऱ्या रयतेने त्यावरचा अंकुश ओळखला आणि रुपयाला ‘अंकुशी’ म्हटले. माझ्या आजीच्या रुपयावरही अंकुश स्पष्ट आहे. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे गावाचे नाव तेवढे कापले गेले.

नाण्यावर गाव घालण्याच्या या रिवाजाला एक अपवाद आहे, आणि तो आमच्या अभिमानाचा. १६५७ साली कल्याण-भिवंडी ज्यांनी स्वराज्यात आणली, त्या शिवछत्रपतींच्या होनावर आणि शिवराईवर गावाचे नाव नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’. बादशाही साच्याबाहेर पडताना जर्बही मागे राहिली.

१८३५ साली कंपनीने सर्वत्र एकच वजनाचा, एकच कसाचा रुपया चालू केला, त्याबरोबर त्या रुपयावरून नगरी नाहीशी झाली, कारण तिची जामीनकी आता कोणाला नको होती. मग ती चित्र म्हणून परतली. तंजावरच्या बृहदीश्वराला हजार वर्षे झाली तेव्हा, २०१० मध्ये, सरकारने हजार रुपयांचे चांदीमिश्रित नाणे काढले. त्याच वर्षी इस्राएलने येरुशलेमच्या दाविदाच्या बुरुजाचे एक औंस शुद्ध सोन्याचे नाणे काढून एक मालिकाच आरंभिली. ही नाणी देखणी असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांतली नगरी शोभेची आहे. साक्ष देतो तो ९९९ चा आकडा, आणि आमच्या कारखानदार गृहस्थांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. माझे मत विचाराल तर संग्रहाला असले मोहोरबंद नाणे घेण्यापेक्षा अर्धे गाव कापले गेलेला एखादा अंकुशी रुपया घ्यावा. मी माझा मोडला नाही.

नगरी अगदीच गेली असेही नाही. खिशातले एखादे नाणे काढून सालाच्या आकड्याखाली पाहावे: तेथे पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीकशी खूण आढळली, तर ते मुंबईच्या टांकसाळीत पडले आहे.