जेऊर ते परांडा : वाटेवरची तारीख

सुट्टी लागली की आपल्याकडची कुटुंबे गाडी करून निघतात ती गुलबर्ग्याला, नाहीतर थेट अजमेरला. गाडी भाड्याची, माणसे दहा, डब्यात खिमा-रोटी, आणि ड्रायव्हरला एकच ताकीद : मध्ये कुठे थांबायचे नाही. ख्वाजा बंदेनवाजांच्या दरग्यावर पोहोचेपर्यंत खिडकीबाहेरून काय गेले, हे कोणी पाहत नाही. जियारतीसाठी निघालेल्या माणसांना घाई असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या घरांत तारीख म्हणजे मदिना, बगदाद, कॉर्दोबा. फार तर दिल्ली. मुलांना सलाहुद्दीन ठाऊक असतो, मलिक अंबर नसतो. बगदाद पाठ आणि परांडा कोरे!

म्हणून आम्ही एक दिवस मुद्दाम राखून ठेवला. जेऊर ते परांडा, करमाळ्यावरून. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. सोबत अम्मी, दोन पोरे आणि वाटेत वाटेल तिथे थांबायची मुभा.

पहिला थांबा जेऊरचाच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लोखंडी वाट डिकसळहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, १८५९ साली आली. १८६० मध्ये ती सोलापूरला पोहोचली. करमाळा तालुक्याला जग जोडले गेले ते या रुळांनी. पुढे १९८० च्या सुमारास उजनी धरण झाले. भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली आणि उरलेल्या रानात ऊस व केळी आली. पोरांना मात्र जेऊरची ओळख वेगळीच. 'सैराट'वाले नागराज मंजुळे इथले, एवढे त्यांना पुरेसे होते. २०१६ साली आलेल्या त्या चित्रपटातली विहीर दाखवा, हा हट्ट करमाळ्यापर्यंत चालला.

करमाळ्यात कमलाभवानीचे देऊळ पाहिले. ते बांधले रावरंभा निंबाळकरांनी, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. निंबाळकर मराठे, पण चाकरी हैदराबादच्या निजामाची, आणि करमाळा ही त्यांची जहागीर. उंच गोपुरे, दीपमाळा, ओवऱ्या; सगळी धाटणी दक्षिणेकडची. देवळाजवळ पायऱ्यांची मोठी बारव आहे. सैराटची विहीर ती नव्हे, पण पोरांचे समाधान झाले. अम्मी बाहेर सावलीत बसल्या. रावरंभांची हकीकत सांगितली तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे देवीचं देऊळ निजामाच्या सरदाराचं? हे आम्हाला कुणी कसं सांगितलं नाही?" प्रश्न रास्त होता. अशा गोष्टी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना अडचणीच्या असतात.

करमाळ्यातून परांड्याकडे जाताना सीना नदी लागते. इथे आम्ही गाडी थांबवली तेव्हा ड्रायव्हरसुद्धा बुचकळ्यात पडला. पाहायला काहीच नाही. वाळू, बाभळी, थोडे पाणी. पण १९४८ पर्यंत ही सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा सोलापूर जिल्हा, पलीकडे निजामाचा उस्मानाबाद, जो २०२३ पासून धाराशिव झाला. अलीकडे मोडी-मराठीत दफ्तर, पलीकडे कचेरीची भाषा उर्दू. सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि त्यानंतरच्या दिवसांत पलीकडच्या मुसलमानांवर फार वाईट वेळ आली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव केलेला जुलूम खरा होता; त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने वर्षअखेर दौरा केला. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे तिने सांगितले, त्यांत उस्मानाबाद होता. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक वर्षे कपाटात राहिला. आपल्या घरांतही तो विषय कपाटातच असतो. नदीकाठी उभ्या उभ्या अम्मींनी फातेहा पढली. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही.

परांड्याचा किल्ला भुईकोट, सपाट रानात उभा. दुहेरी तट, भोवती खोल खंदक, आत मशीद आणि हमाम. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. निजामशाही संपली असे सगळे म्हणत असताना मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला इथे परांड्यात तख्तावर बसवले, आणि पुढे १६२६ पर्यंत, मरेपर्यंत, मोगलांना दख्खनमध्ये चैन पडू दिली नाही. हा वजीर मूळचा हबशाणातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. ज्या घराण्याचे तख्त त्याने सांभाळले, त्याचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मणाच्या पोटचा. फौजेत मराठे. 'बाहेरचे कोण?' हा प्रश्न ज्यांना फार सोपा वाटतो, त्यांनी या दरवाजात उभे राहून त्याचे उत्तर शोधावे.

पोरांचे लक्ष तोफांकडे. इथली सर्वांत नामांकित तोफ मात्र इथे नाही. मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानीत ओतली गेली. ओतारी तुर्कस्तानाकडचा, रूमी. तोफेचे तोंड श्वापदाच्या जबड्यासारखे, आणि जबड्यात हत्ती चिरडलेला. वजन सुमारे ५५ टन. ती परांड्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडितांनी विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते, असे सांगतात. तिची जोडीदार कडक बिजली भीमेत बुडाली, असेही सांगतात. १८५४ साली इंग्रजांनी मलिक-ए-मैदान मोडीत काढायला लिलाव मांडला, तेव्हा बोली लागली दीडशे रुपये. सुदैवाने तो विक्रीचा बेत रद्द झाला.

तोफ गेल्यावरही किल्ला दुबळा झाला नव्हता. १६३४ मध्ये शाहजहानचा मुलगा शुजा वेढा घालून बसला आणि हात हलवत परतला. अखेर १६६० मध्ये परांडा मोगलांना मिळाला, तो लढून नव्हे. किल्लेदारच फितवला गेला.

किल्ला नीट पाहायला तीन तास लागतात. पावसाळ्यानंतर गवत माजलेले असते, तेव्हा तटावर पोरांचा हात सोडू नये. पाणी बरोबर असावे. आणि घरात कोणी फारसी जाणणारे असेल तर त्यांना जरूर न्यावे. तोफांवरची अक्षरे आमच्या पोरांनी बोटांनी चाचपली; आमच्यापैकी एकालाही ती वाचता आली नाहीत.