मुर्डीहून केंब्रिजला

दापोली तालुक्यात मुर्डी नावाचे एक लहानसे गाव आहे. 1876 साली तिथे जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने त्यांना ‘सीनियर रँग्लर’ हा मान मिळाला. तो मिळवणारे ते पहिलेच भारतीय. ही हकीकत तुम्ही ऐकली असेल. पण खेड्यातला हा मुलगा तिथवर पोचला कसा?

मुलगा बुद्धिमान होता, हे तर खरेच. पण बुद्धिमान मुले तेव्हाही पुष्कळ गावांत होती. याच्या वाट्याला एक शिक्षक आला. शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे, त्याच्या नात्यातले. ते मुंबईत गणित शिकवीत, शिकवण्या करून संसार चालवीत. पैसा बेताचाच, तरी या मुलाला त्यांनी आपल्या बिऱ्हाडी ठेवून शिकवले. 1891 साली कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले, आणि पुढे रघुनाथही तिथेच शिकला. मग सरकारी शिष्यवृत्तीवर तो विलायतेला गेला.

परत आल्यावर रँग्लर परांजपे त्याच कॉलेजात गणित शिकवू लागले आणि 1902 साली तिथले प्राचार्य झाले. घेतलेले त्यांनी असे परत केले.

गुरुजी, तुमच्याही वर्गात एखादे पोर गणित फळ्यावर पुरते लिहून होण्याआधीच उत्तर सांगत असेल. नुसती शाबासकी देऊन थांबू नका. त्याच्या आईबापांना भेटा, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरून घ्या, आणि पुढच्या शाळेची नि राहण्याची सोय काय, तेही बघा.