सातारा-सांगलीच्या मुलखातली सरहद्द

सरहद्द म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काटेरी तार आणि शिक्का मारणारा अधिकारी येतो. पण ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या कृष्णाकाठी पावलोपावली सरहद्दी होत्या, आणि तार मात्र कुठेच नव्हती!

१८१८ साली पेशवाई गेली. पुढे इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपतींशी, पटवर्धनांशी आणि औंध, फलटण, जतच्या जहागीरदारांशी निरनिराळे करार केले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, जहागिरी मात्र राहिल्या. त्यामुळे नकाशा झाला गोधडीसारखा. औंध संस्थानची गावे अवघी बहात्तर, पण ती चार तालुक्यांत विखुरलेली. त्यातले कुंडल औंधपासून कितीतरी दूर, आणि त्याच्या शेजारचा तासगाव तालुका इंग्रजांचा. शेतकऱ्याला या हद्दीचे काय? त्याला ना परवाना लागे, ना पासपोर्ट. हद्द अडवी फक्त पोलिसाला. त्याचा अंमल बांधावर संपे. पुढचा आरोपी मागून घ्यायचा, म्हणजे कागदपत्रे आली आणि समोरच्या दरबाराची मर्जीही आली.

ही मर्जी केवढी मोठी गोष्ट होती, ते १९४३ मध्ये दिसले. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे ठाणे होते कुंडलला. जी. डी. लाड तिथलेच. ७ जूनला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली, आणि इंग्रजी पोलीस भूमिगतांच्या मागे लागले. औंधमध्ये १९३९ सालीच राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार दिला होता. अशा राज्यात भूमिगतांना आसरा मिळाला, यात नवल ते काय?

आता सांगली पाहा. संस्थान तेही, हद्द तशीच. पण तिथे वसंतदादा पाटील दरबारच्याच तुरुंगात होते. २४ जुलैला त्यांनी साथीदारांसह तुरुंग फोडला. पाठलाग झाला, गोळ्या सुटल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव ठार झाले, दादा जखमी होऊन पकडले गेले. तेव्हा 'संस्थानांच्या हद्दींनी क्रांतिकारकांना वाचवले' असे आपण सरसकट म्हणतो, ते मला पटत नाही. वाचवले ते हद्दीपलीकडच्या माणसांनी. नुसत्या हद्दीची सोय दरोडेखोरांनाही होतीच की! त्यांचा बंदोबस्त शेवटी प्रतिसरकारलाच करावा लागला.

८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. औंध साताऱ्यात राहिले आणि कुंडल सांगलीत गेले. आज कुंडलहून तासगावला जाताना एस्‌.टी. ही जुनी सरहद्द ओलांडते, आणि कंडक्टर तिकीट सोडून काही मागत नाही.