बालन्याय कायद्यातील 'आजारपण' : संस्थेतील बालक आणि मनोविकारावरील औषधे (१९२४–२०१७)

महाराष्ट्रातील बालकल्याणविषयक कायद्यांचा इतिहास १९२४ च्या मुंबई बाल कायद्यापासून सुरू होतो. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९३७ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलाचा 'उनाडपणा' हा मनावरील आघाताचा परिणाम असू शकतो, या विचाराला तेथे आधार मिळाला. कायद्याच्या भाषेत मात्र तो फार उशिरा पोहोचला.

१९८६ च्या बालन्याय अधिनियमाने बालकास मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ देणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरविला. यास दोन अपवाद होते : अर्हताप्राप्त डॉक्टरचा आदेश आणि 'आजारपण'. २००० च्या अधिनियमातही ते कायम राहिले. दुसरा अपवाद किरकोळ दिसतो. परंतु खरा प्रश्न तेथेच आहे. रात्री दचकून उठणारे, अंथरूण ओले करणारे, अंगावर धावून जाणारे मूल आजारी की बेशिस्त, हे ठरविणार कोण? आईवडील जवळ नसलेल्या मुलाच्या बाबतीत हा निर्णय व्यवहारात काळजीवाहकाच्याच हाती येऊ शकत होता. गुंगीतले मूल सांभाळण्यास सोपे असते, हेही येथे नजरेआड करता येत नाही.

२००७ च्या केंद्रीय आदर्श नियमांनी मानसशास्त्रीय तपासणी आणि प्रशिक्षित तज्ज्ञाचे निदान यांशिवाय अशी औषधे देण्यास मनाई केली. २०१५ च्या अधिनियमातील कलम ७७ मधून 'आजारपण' हा अपवाद वगळण्यात आला व शिक्षा सात वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत वाढली. औषध प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यानेच द्यावे, असे २०१६ च्या आदर्श नियमांत नमूद झाले.

वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात आला. बाल कल्याण समितीची रचना जिल्हानिहाय असल्याने वसई-विरारमधील निराधार मुलाचे प्रकरण आता पालघरच्या कक्षेत येते. १९०१ पासूनचे मनोरुग्णालय मात्र ठाण्यातच राहिले. उपचारास संमती देण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार अल्पवयीनाचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे त्याचा कायदेशीर पालक. योग्य व्यक्ती न मिळाल्यास मंडळाने राज्याच्या समाजकल्याण विभागाचे संचालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती यांची नियुक्ती करावयाची असते. म्हणजे औषधास संमती देणारी व्यक्ती एक आणि त्या मुलाला रात्री दचकून उठताना पाहणारी दुसरीच.